भार हलका करा, बैल चालेल

(जिल्हा कार्यकर्ता मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेत कापसाचा भाव आहे, कृषिपंपाचे वीजबिल आहे, सोयाबीनच्या खरेदीतील १२ टक्के ओलाव्याची अट आहे. या सगळ्यांच्या मध्ये 'जुन्या नेटबुकवर लिनक्स' असाही एक विषय आहे. सकाळी मांडवात शिरतानाच दोघा-तिघांनी आम्हाला अडवून विचारले, "हा शहरातल्या पोरांचा विषय इथे कशाला आणला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

शेतीमालाला उत्पादन खर्चावर आधारित भाव मिळाला पाहिजे, हे आपल्या चळवळीचे पहिले कलम. हा खर्च दिल्लीत बसून एक आयोग काढतो. १९६५ मध्ये तो कृषिमूल्य आयोग म्हणून स्थापन झाला. १९८५ मध्ये त्याच्या नावात 'खर्च' हा शब्द आला. हा आयोग ए-२ काढतो, त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवून दुसरा आकडा काढतो, आणि सी-२ काढतो. सी-२ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरलेले असते. सरकार भाव जाहीर करताना सोयीचा आकडा उचलते. त्याला 'हा आकडा आमच्या गावाला लागू नाही' असे सांगायचे, तर आपल्या गावाचा आकडा आपल्यापाशी हवा. नुसत्या आरोळीने भागत नाही.

म्हणून आमच्या तालुक्यातील काही गावांत आम्ही कापूस, तूर आणि सोयाबीन यांचा एकरी खर्च लिहून ठेवू लागलो. नांगरणी, बियाणे, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी, गाडीभाडे, अडत, हमाली, सगळे. आधी वह्यांत, मग एका नेटबुकवर. आमच्या एका कार्यकर्त्याने मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेले ते यंत्र मुलगा नोकरीला लागल्यावर तालुका कचेरीला दिले. दहा इंची पडदा, एक जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. सात-आठ वर्षे त्याने आमचे काम केले. मग ते सुरू व्हायलाच दहा-बारा मिनिटे लागू लागली. तालुक्याच्या दुकानात नेले, तर दुकानदार म्हणाला, "हे आता भंगार. नवा लॅपटॉप घ्या, पंचवीस-तीस हजारांत बसेल."

यंत्र जळाले नव्हते. कळफलक शाबूत, पडदा शाबूत. तरी ते भंगार कसे झाले, हा प्रश्न आम्हाला पडला. त्या प्रश्नाचा माग काढताना जे कळले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

बैल तोच, ओझे वाढले

नेटबुक म्हणजे काय? २००७ च्या अखेरीस तैवानच्या आसुस कंपनीने 'ई पीसी ७०१' नावाचा छोटा संगणक बाजारात आणला. सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम आणि हार्ड डिस्कच्या जागी अवघी चार जीबीची साठवण. स्वस्त, हलका, पिशवीत मावणारा. २००८ पासून इंटेलचा 'अॅटम' प्रोसेसर आला आणि तशा यंत्रांची रीघ लागली. आपल्याकडेही २००९ ते २०१२ या काळात अनेक घरांत ती आली.

आता गंमत ऐका. ते पहिले ई पीसी लिनक्सवरच विकायला आले होते. विंडोज नेटबुकवर नंतर आली. त्या काळची नवी विंडोज, व्हिस्टा, या यंत्रांना पेलणारी नव्हती, म्हणून मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये जुन्या एक्सपीची विक्री खास या छोट्या यंत्रांसाठी चालू ठेवली. पुढे 'विंडोज ७ स्टार्टर' आली. तिच्यात पडद्यामागचे चित्रसुद्धा बदलता येत नसे. एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाल्या. विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० रोजी. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम आणि 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-सोय लागते. नेटबुक त्या दारात उभेच राहू शकत नाही.

दुरुस्ती थांबणे म्हणजे काय, तेही समजून घ्या. सिस्टीममध्ये भोके सापडत राहतात आणि कंपनी ती बुजवत राहते. बुजवणे थांबले की चोराला वाट मोकळी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा किडा अशाच न बुजवलेल्या भोकातून जगभरच्या विंडोजच्या यंत्रांत शिरला. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांचे कामकाजही त्याने विस्कळीत केले. तेव्हा 'जुनी विंडोज आहे तशी चालू द्या' हाही सल्ला इंटरनेटला जोडलेल्या यंत्रासाठी खरा नाही.

म्हणजे झाले असे. बैल तोच आहे. त्याची ताकद २०१० मध्ये होती तेवढीच आज आहे. गाडीत मात्र दर वर्षी दोन पोती जास्त पडत गेली, आणि एक दिवस बैल बसला तेव्हा आपल्याला सांगण्यात आले, की बैल म्हातारा झाला. आम्ही म्हणतो, आधी पोती उतरवून पाहा.

लिनक्स कोणाचे?

१९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाचे काम जाहीर केले. ज्याला वापरायचे त्याला वापरता यावे, आतून उघडून पाहता यावे, सुधारता यावे आणि दुसऱ्याला देता यावे, अशी संपूर्ण सिस्टीम बनवायची हा त्यांचा संकल्प. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने सिस्टीमचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. १९९२ मध्ये त्याने तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. आज जगातील बहुतेक इंटरनेट सेवा याच गाभ्यावर चालतात. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच. तेव्हा 'लिनक्स आम्हाला जमणार नाही' असे म्हणणारा कार्यकर्ता रोज लिनक्सच वापरत असतो, फक्त त्याला कोणी सांगितलेले नसते.

त्या परवान्याचे कलम वाचले, तेव्हा आम्हाला आपलाच एक कायदा आठवला. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१. त्याच्या ३९ व्या कलमात शेतकऱ्याला पिकातले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क मान्य केला आहे. ब्रँडच्या नावाने तेवढे विकता येत नाही. राखा, पेरा, वाटा. लिनक्सचा परवाना हेच म्हणतो. एका यंत्रासाठी घेतलेली प्रत तुम्ही शंभर यंत्रांवर बसवा, शेजारच्या तालुक्याला द्या, कोणी नोटीस पाठवणार नाही.

ही फुकटेगिरी आहे असे कोणी समजू नये. चळवळीने कधी भीक मागितली नाही. लिनक्सवर काम करणाऱ्या हजारो लोकांत पगारी आहेत, हौशी आहेत, मोठमोठ्या कंपन्याही आहेत. आपापला फायदा पाहूनच ते करतात आणि केलेले सर्वांपुढे ठेवतात. यात मेहरबानी कोणाचीच नाही.

हलकी सिस्टीम म्हणजे काय

लिनक्स एक असले तरी त्याची बांधणी अनेक प्रकारची. डेबियन ही त्यांतील जुनी आणि भक्कम, १९९३ पासूनची. तिच्यावर बेतलेल्या अनेक आहेत. काही भरजरी, काही साध्या. जुन्या यंत्रासाठी आम्ही 'अँटीएक्स' निवडली. २०२३ मध्ये आलेली तिची २३ वी आवृत्ती डेबियन १२ वर उभी आहे आणि ३२ बिटच्या यंत्रांसाठीही मिळते. 'पपी लिनक्स' ही दुसरी. ती सबंध रॅममध्ये चढून चालते.

हलकेपणा येतो कुठून? तीन गोष्टींतून. पहिली, पडद्यावरची सजावट. सावल्या, सरकणारी चित्रे, पारदर्शक खिडक्या यांना रॅम लागते. अँटीएक्समध्ये 'आइसडब्ल्यूएम' नावाचा साधा खिडकी-कारभारी आहे. खाली एक पट्टी, कोपऱ्यात एक यादी, बस. दुसरी, मागे गुपचूप चालणारी कामे. आपण न सांगता चालणारी कामे तिथे मोजकी आहेत. तिसरी, कार्यक्रमांची निवड. हिशेबासाठी 'लिबरऑफिस' चालते, पण एक जीबीत ते उघडायला वेळ घेते. 'न्यूमेरिक' हा हिशेबाचा तक्ता त्याहून चपळ. पत्रासाठी 'अॅबीवर्ड'. आमच्या यंत्रावर सिस्टीम चढून स्थिर झाल्यावर एक जीबीपैकी दोनशे एमबीच्या आसपास रॅम लागते. बाकीची आपल्या कामाला मोकळी.

बसवण्याची रीत

आता रीत सांगतो. ज्यांना करायचे आहे त्यांनी टिपून घ्यावे.

एक. आधी यंत्र ओळखा. यंत्रावर किंवा सेटिंगमध्ये प्रोसेसरचा क्रमांक असतो. अॅटम एन २७० आणि एन २८० हे ३२ बिटचे. एन ४५०, एन ४५५, एन ५५०, एन ५७० हे ६४ बिटचे. हा फरक महत्त्वाचा आहे, त्याकडे शेवटी येऊ. अॅटम झेड ५२० किंवा झेड ५३० असेल, तर त्याच्या चित्राच्या चिपचे लिनक्सशी नीट जमत नाही. ते यंत्र पहिल्या प्रयोगाला घेऊ नका.

दोन. हिशेबाची प्रत काढा. हे वाक्य दोनदा लिहून घ्या. आमच्या हातून पहिल्या वेळी काय झाले ते सांगायला लाज वाटते, पण सांगितलेच पाहिजे. उत्साहाच्या भरात आम्ही 'संपूर्ण डिस्क वापरा' या ओळीवर होकार दिला आणि दोन हंगामांचे हिशेब पुसले गेले. मूळ वह्या कचेरीच्या कपाटात होत्या म्हणून वाचलो. ते आकडे पुन्हा भरायला सहा रात्री लागल्या. त्यानंतर नियम केला. प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी प्रत दुसऱ्या गावात, आणि कागदाची वही कायम.

तीन. दुसऱ्या चालू संगणकावर सिस्टीमची फाईल उतरवून घ्या. चार जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. फाईलबरोबर एक लांबलचक पडताळणी क्रमांक दिलेला असतो. उतरवलेल्या फाईलचा क्रमांक काढून तो त्याच्याशी जुळवून पाहा. आपण काट्यावरची पावती आणि बाजारातली पट्टी ताडून पाहतो, तसेच हे. जुळला नाही तर फाईल अर्धवट आहे किंवा कोणीतरी हात मारला आहे. मग ती फाईल 'रुफस' किंवा 'एचर' यासारख्या कार्यक्रमाने पेनड्राइव्हवर चढवा. नुसती नक्कल करून चालत नाही.

चार. पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करताना एफ २, एफ १२ किंवा एस्केप, यांपैकी त्या यंत्राची जी कळ असेल ती दाबा आणि पेनड्राइव्हवरून चालू करा. या अवस्थेत डिस्कला हात लागत नाही. आवाज येतो का, वायफाय दिसते का, प्रिंटर चालतो का, हे दोन दिवस असेच वापरून पाहा. बैल विकत घेण्याआधी तास मारून पाहतो ना, तसे. पटले तरच डिस्कवर बसवा.

पाच. वायफाय दिसले नाही तर घाबरू नका. काही कार्डांना, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, एक जादा फाईल लागते. ती उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ती फाईल हवी, असा पेच पडतो. त्यावर तोड सोपी आहे. अँड्रॉइड फोन वायरने जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. फोनचे इंटरनेट यंत्राला मिळते.

सहा. शक्य असेल तर रॅम एकाची दोन जीबी करा. या यंत्रांत बहुतेक वेळा दोनच्या वर जात नाही. जुनी डीडीआर-२ रॅम दुरुस्तीवाल्यांकडे वापरलेली मिळते. साधी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी घातली तर यंत्र ओळखू येत नाही इतके बदलते. हे दोन्ही केले तरी खर्च नव्या लॅपटॉपच्या जवळपासही जात नाही.

दोन छोट्या खोड्या

आमचे यंत्र चालू झाले, हिशेब उघडला, पण बाजारभावाचे एकही पान उघडेना. प्रत्येक ठिकाणी 'ही जोडणी सुरक्षित नाही' अशी पाटी. आम्ही दोन दिवस सिस्टीमला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी एका बारावीतल्या मुलीने कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवले. तारीख होती १ जानेवारी २००८. यंत्राच्या पोटात घड्याळासाठी एक बटन सेल असतो, तो संपला होता. सुरक्षित पानांच्या दाखल्यांवर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. यंत्राला वाटत होते की २००८ साल आहे, म्हणून प्रत्येक दाखला त्याला भविष्यातला आणि खोटा वाटत होता. सेल बदलला, तारीख लावली, काम झाले. काही नेटबुकांत हा सेल वायरसह येतो, तेवढे पाहून घ्यावे.

दुसरी खोडी पडद्याची. नेटबुकचा पडदा आडवा १०२४ आणि उभा ६०० ठिपक्यांचा. काही खिडक्या त्याहून उंच असतात, आणि 'ठीक आहे' हे बटन पडद्याच्या खाली दडते. माणूस अडकून बसतो. अशा वेळी ऑल्ट कळ दाबून धरायची आणि माउसने खिडकी वर ओढायची. बटन दिसते. एवढी एक गोष्ट माहीत नसल्याने लोकांनी यंत्रे परत ठेवून दिली आहेत.

बॅटरीबद्दलही सांगतो. फुगलेली बॅटरी काढून टाका, ती धोक्याची. बहुतेक नेटबुके बॅटरीशिवाय नुसत्या अॅडॅप्टरवर चालतात. वीज पंधरा वॅटच्या आतबाहेर, म्हणजे मोठ्या एलईडी दिव्याएवढी. घरच्या इन्व्हर्टरवर भारनियमनातही तास-दोन तास सहज निघतात.

मराठीचे काय?

हा प्रश्न प्रत्येक गावात विचारला जातो. लिनक्समध्ये मराठी लिहिण्याची सोय आतच आहे. 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक १९९१ मध्ये भारतीय मानक ठरला, तो तिथे निवडून घ्यायचा असतो. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने. आठवडाभरात बोटे वळतात. अक्षरांसाठी 'लोहित' नावाचा फॉन्ट मिळतो. तो पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेला आणि रेड हॅटने सर्वांना खुला केलेला आहे. आपल्या मातीतले काम आहे.

पण इथे एक दुखणे आहे. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक फॉन्टची अक्षरे साठवण्याची रीत वेगळी होती. त्या काळातली आपली परिपत्रके, ठराव, पत्रके आज नव्या यंत्रावर उघडली तर कागदभर चिन्हे उमटतात, मराठी दिसत नाही. शब्द आपले, आणि ते वाचायची किल्ली दुसऱ्याकडे. यापुढे हे होऊ द्यायचे नसेल तर मराठी युनिकोडमध्येच लिहा आणि हिशेब खुल्या प्रकारात ठेवा. 'ओडीएस' हा तक्त्यांचा प्रकार २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला आहे. नुसते आकडे असतील तर 'सीएसव्ही' त्याहून साधा. वीस वर्षांनी कोणताही संगणक तो उघडेल. हिशेबाची वही ज्याच्या कुलपात, हिशेब त्याचा, हे सावकारीने आपल्याला पुरेसे शिकवले आहे.

जे होत नाही, तेही ऐका

चळवळीत आम्ही खोटी आश्वासने देत नाही. तेव्हा जे होत नाही ते स्पष्ट सांगतो.

या यंत्रावर इंटरनेट सुखाचे नाही. आजचे एक जडशीळ पान सबंध सिस्टीमहून जास्त रॅम खाते. एका वेळी एकच पान उघडा. सातबाऱ्याचा उतारा, पणन मंडळाचे बाजारभाव ही पाने थांबत थांबत उघडतील. व्हिडिओ अडखळेल. ई-पीक पाहणी फोनवरच करावी लागते. बँकेचे व्यवहार या यंत्रावर आम्ही करत नाही आणि तुम्हीही करू नका.

दुसरे, ३२ बिटच्या यंत्रांचे दिवस लिनक्समध्येही मोजके आहेत. उबुंटूने २०१७ पासून त्यांच्यासाठी नवी प्रत काढणे थांबवले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ तशा यंत्रावर नव्याने बसवता येत नाही. डेबियन १२ ची दीर्घ मुदतीची देखभाल जून २०२८ पर्यंत ठरलेली आहे. मोझिलाने २०२५ मध्ये जाहीर केले, की फायरफॉक्स १४४ नंतर ३२ बिटच्या लिनक्ससाठी नवी आवृत्ती निघणार नाही, आणि जुन्या आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी त्यांनी सप्टेंबर २०२६ ही तारीख सांगितली. म्हणून सुरुवातीला प्रोसेसर ओळखायला सांगितले. तुमचे यंत्र एन ४५० किंवा त्यापुढचे असेल, तर त्यावर ६४ बिटची डेबियन बसेल आणि पुढची काही वर्षे चिंता नाही. एन २७० असेल, तर ते हिशेबाचे यंत्र म्हणून ठेवा. इंटरनेटपासून दूर, पेनड्राइव्हने देवाणघेवाण. इंटरनेट नसले म्हणून उत्पादन खर्चाची बेरीज चुकत नाही.

कोणी म्हणेल, मग शेवटी लिनक्सनेही तारीख दिलीच की. दिली. फरक असा, की ही तारीख आपल्याला आधी सांगितलेली असते, तिच्यामागचे कारण कोणालाही वाचता येते, आणि ज्याला पुढे चालवायचे आहे त्याला कोणी कायद्याने अडवत नाही. संपूर्ण मजकूर त्याच्यापुढे उघडा आहे. माणसे मिळाली तर काम पुढे चालते, न मिळाली तर थांबते. कोणाच्या कुलपामुळे मात्र थांबत नाही.

आपण नव्याच्या विरोधात आहोत का?

नाही. हे नीट समजून घ्या, नाहीतर उद्या कोणीतरी लिहील की शेतकरी चळवळ जुन्या भंगाराला कवटाळून बसली. शरद जोशींनी बाजाराच्या स्वातंत्र्याबरोबर तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी बंदी असलेले एचटीबीटी कापसाचे बियाणे उघडपणे लावले, ते नवे तंत्र हवे म्हणूनच. ज्याला परवडते त्याने नवा संगणक जरूर घ्यावा. विंडोज विकणाऱ्या कंपनीने नफा कमवू नये असेही आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच, की नवे कधी घ्यायचे हे घेणाऱ्याने ठरवावे, विकणाऱ्याने नव्हे.

हा प्रश्न उद्या ट्रॅक्टरलाही येणार आहे. आज आपला मिस्त्री बांधावर बसून पाना लावतो. अमेरिकेत ट्रॅक्टरच्या पोटात संगणक गेला आणि तो उघडायची मुभा फक्त कंपनीच्या माणसाला उरली, तेव्हा तिथले शेतकरी दुरुस्तीच्या हक्कासाठी भांडले. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्या नेटबुकवर आपण आज जे शिकू, ते उद्या ट्रॅक्टरच्या, ठिबकच्या, पंपाच्या पेटीपाशी उभे राहताना उपयोगी पडेल. आतले काम कळत नाही म्हणून दबून राहायची सवय मोडली पाहिजे.

हे इंजिनियरांचेच काम आहे असेही समजू नका. केरळच्या सरकारी शाळांतील मुले गेली कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकतात. आमच्या कचेरीत घड्याळाची चूक ज्या मुलीने दाखवली, तीच आता तिघींना शिकवते. वेचणीचा हिशेब त्यांच्या आया सांगतात आणि मुली तक्त्यात भरतात. मागच्या हंगामात घरच्या बायकांच्या कामाचे दिवस पहिल्यांदाच मोजले गेले. आम्ही पुरुषमंडळी वहीत तो रकाना कोराच सोडत होतो. तो भरल्यावर कापसाचा एकरी खर्च आम्ही आजवर सांगत होतो त्याहून बराच वर गेला. यंत्र जुनेच होते. हिशेब मात्र पहिल्यांदा पुरा झाला.

तेव्हा आपापल्या तालुक्यात जाऊन तीन गोष्टी करा. घरोघरी माळ्यावर पडलेली नेटबुके आणि जुने लॅपटॉप खाली काढा, प्रोसेसरचे क्रमांक लिहून पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. प्रत्येक तालुक्यातून एक मुलगा आणि एक मुलगी शिकायला पाठवा, पेनड्राइव्ह आम्ही देऊ. आणि यंत्र मिळो न मिळो, येत्या खरिपापासून किमान पाच घरांचा एकरी खर्च लिहायला लागा. यंत्र नंतरही मिळेल. न लिहिलेला हंगाम पुन्हा मिळत नाही.

एवढे सांगून आम्ही थांबतो. ज्यांनी नेटबुक बरोबर आणले आहे त्यांनी जेवणानंतर मांडवाच्या डाव्या कोपऱ्यात यावे. आधी हिशेबाची प्रत काढू, मग बाकीचे.